घरच्या बागेसाठी माळी ठेवायचाय: कसा निवडावा, काय ठरवून घ्यावं?

शेवंती

नमस्कार. घरामागच्या बागेसाठी माळी ठेवायचं आम्ही ठरवलंय. त्याआधी इथल्या अनुभवी लोकांशी बोलावं म्हणून हा धागा.

आजवर बाग आईने एकटीने सांभाळली. जमिनीत सहा गुलाब, दोन जास्वंदी, मोगऱ्याचा ताटवा, एक लिंबू, कुंपणावर मधुमालती आणि शिवाय ४० एक कुंड्या. आता आईचे गुडघे साथ देत नाहीत. खाली बसता येतं, पण उठायला कुणीतरी हात द्यावा लागतो. सकाळचं पाणी मी घालते. त्यापलीकडे नोकरीतून वेळ मिळत नाही, आणि छाटणी, खत यातलं मला फारसं कळतही नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक माळी दोन महिने येत होते. एके दिवशी आम्ही दोघी बाहेर गेलेलो असताना त्यांनी मोगरा छाटला. कळ्या धरलेला मोगरा. सगळा ताटवा एका पातळीत, कुंपणाची मेंदी कापावी तसा. आईने खाली पडलेल्या फांद्यांवरच्या कळ्या वेचून पाण्याच्या वाटीत ठेवल्या. फार कोवळ्या होत्या, उमलल्या नाहीत. त्यानंतर माळ्याचं नाव काढलं की ती गप्पच व्हायची. त्या माणसाला मी दोष देत नाही, कारण आम्ही त्याला "बाग जरा नीट करा" यापलीकडे काहीच सांगितलं नव्हतं.

आता या वेळी चूक नको. माणूस कसा पारखायचा? किती वेळा बोलवायचं? आधी काय काय बोलून घ्यायचं? आणि आईच्या मनातली भीती कशी घालवायची?

रानवारा

शेवंती, मोगऱ्याचं वाचून वाईट वाटलं. मोगऱ्याला नव्या फुटव्याच्या शेंड्यावर कळी येते, त्यामुळे छाटणी त्याला मानवतेच. फक्त ती थंडी सरत आली की, कळी धरायच्या आधी करायची असते. म्हणजे काम योग्य होतं, वेळ चुकली. हे आईंना सांगा, थोडा धीर येईल.

"नीट करा" हा शब्द मात्र टाळाच. माळ्याच्या डोळ्यांना नीट म्हणजे कापलेली, झाडलेली, रेषेत आलेली बाग. आईंना नीट वाटते ती कळ्यांनी भरलेली. बोलणी करायच्या आधी आईंना बागेत खुर्ची द्या, तुम्ही वही घ्या आणि झाडागणिक त्या काय म्हणतात ते लिहा. हे कुणी लावलं, याला काय लागतं, याला हात लावायचा नाही. त्या वहीवरूनच कळेल की तुम्हाला नेमकं कशासाठी माणूस हवाय.

पाणी तुमच्याकडेच ठेवा. आठवड्यातून एकदा येणाऱ्याला ते शक्यच नाही, आणि रोज येणारा घाईत सगळ्या कुंड्यांना सारखंच पाणी घालून मोकळा होतो. जास्त पाण्याने मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, मग झाड वरून मलूल दिसतं, आणि ते बघून आपण आणखी पाणी घालतो. या फेऱ्यात माझी कितीतरी झाडं गेलीत. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, इतका साधा हिशोब आहे.

तुमच्या बागेला आठवड्यातून एकदा दोन तास पुरेत. तण, वाळकी पानं-फांद्या, कीड बघणं, माती सैल करणं यात तेवढा वेळ जातो. खत महिन्याने. मोठी छाटणी आणि कुंड्या बदलणं ही वर्षातून एखाद-दोनदा येणारी कामं, त्यांचा दिवस आणि पैसे वेगळे ठरवा. दोन तासांतच तेही उरका म्हटलं की धसमुसळेपणा होणारच.

निंबोणी

पारखण्याबद्दल माझा अनुभव सांगते. मी तीन जणांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं आणि तिघांनाही एकच कुंडी दाखवली. त्यात एक गुलाब होता, माझ्या मते मेलेला.

पहिले म्हणाले, काढून टाका, नवा आणून देतो. दुसऱ्यांनी विचारलं, खत कुठलं आहे घरात? तिसरे काही न बोलता कुंडीपाशी उकिडवे बसले. मातीत बोट घातलं, बाहेर काढून वास घेतला. मग कुंडी तिरकी करून खालचं भोक बघितलं. ते बुजलेलं होतं. नंतर एका फांदीवर अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली. आतून तपकिरी. थोडं खाली खरवडलं, तेही तपकिरी. असं करत करत कलमाच्या जोडाच्या चार बोटं वर आल्यावर नखाखाली ओलसर हिरवा रंग दिसला. "इथपर्यंत आहे," एवढंच बोलले.

तो गुलाब अजून आहे, आणि गेली सहा वर्षं तेच येतात.

आणखी एक. आधीचं काम बघायला जाणार असाल तर नुकतीच लावलेली बाग बघू नका. रोपं नवी असताना पहिले दोन-तीन महिने सगळ्यांचीच बाग टवटवीत दिसते. त्याच माणसाच्या हाताखाली निदान वर्षभर असलेली बघा.

कुंडीवाला

माझं मत थोडं वेगळं आहे. ४० कुंड्या आणि चार झाडं घरच्या माणसाने रोज अर्धा तास दिला तर सांभाळता येतात. मी नोकरी करून ६० कुंड्या बघतो. बाहेरचा माणूस आला की आपलं झाडांकडे बघणं सुटतं, आणि मग लक्षात येईपर्यंत माव्याची कीड सगळ्या शेंड्यांवर पसरलेली असते. पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतील. शिकून घ्या, हळूहळू जमेल.

मातीचे हात

कुंडीवाला, बघणं सुटू नये हे अगदी बरोबर. पण रोज अर्धा तास प्रत्येकाला निघतोच असं नाही. शिवाय जमिनीतली झाडं म्हणजे कुदळ आणि घमेल्याचं काम, लिंबाची काट्यांतली छाटणी, मधुमालतीचं ओझं उतरवणं. ते शिकून होत नाही, तिथे अंगात जोर लागतो. शेवंतींनी माळी ठेवावा आणि रोज एक फेरीही मारावी. दोन्ही एकत्र चालतं.

गोकर्ण

हा धागा वाचून पहिल्यांदाच इथे लिहिते आहे. माझे बाबा माळीकाम करतात, ३० वर्षं होत आली. तुम्ही सगळ्यांनी माणूस कसा पारखावा ते लिहिलंत. माळीसुद्धा घर पारखत असतो, ते सांगावंसं वाटलं.

नवीन घरी गेलं की बाबा आधी बघतात ते हे की घरातलं कुणी त्यांच्याबरोबर बागेत येतं का. दारातूनच "ते तिकडे आहे बघा" म्हणणाऱ्यांच्या घरी त्यांचं मन लागत नाही. झाडाबद्दल बोलायला कुणी नसेल तर ते नेमून दिलेलं काम करतात आणि निघतात. जिथे बोलायला माणूस आहे तिथली झाडं ते घरी घेऊन येतात. म्हणजे जेवताना मध्येच म्हणतात, त्या घरच्या अनंताला कळी धरलीय, या वेळी गळायला नको.

पैशांचं स्पष्ट बोला. महिन्याने द्यायचे की प्रत्येक खेपेला, कुठल्या तारखेला, पावसाने काम बुडालं तर काय, तुम्ही गावाला गेलात तर काय. बाबांची चार घरं एकाच महिन्यात सुट्टीला गेली आणि चौघांनीही "आम्ही नव्हतोच" म्हणून पैसे कापले, असं झालंय. झाडं मात्र सुट्टीवर गेली नव्हती, त्यांनी ती सांभाळली होती. आणि बघू कसं काम करताय म्हणून एक दिवस बोलावलंत तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या. पटलं नाही तरी द्या.

जास्तीचं काम हा मोठा त्रास आहे. "जाता जाता गाडीवर पाणी मारा," "हे सामान वर पोचवा." नाही म्हणायची चोरी होते, कारण काम जाईल ही भीती. आणि तो वेळ बागेतून जातो, मग तण राहिलं म्हणून बोलणी बसतात.

फवारणीचं तर हात जोडून सांगते. बाबांनी कितीतरी वर्षं उघड्या हातांनी आणि तोंडाला रुमाल बांधून औषधं मारली. कुणी हातमोजे दिले नाहीत, त्यांनीही मागितले नाहीत. आता थंडीत बोटांना भेगा पडून रक्त येतं. फवारणी करून घेणार असाल तर हातमोजे, तोंडावरचा मास्क आणि डोळ्यांना चष्मा तुमच्या घरी आणून ठेवा. हात धुवायला साबण ठेवा. प्यायला पाणी त्यांना मागावं लागू नये. आणि संडास-मोरी कुठली वापरायची ते पहिल्याच दिवशी तुम्ही होऊन सांगा. चार चार तास उन्हात काम करणाऱ्या माणसाला हे विचारणं किती जड जातं, ते मी घरी बघितलंय.

शेवटचं म्हणजे नाव विचारा. बाबांना कुणी नावापुढे दादा, काका लावून हाक मारली की ते घरी येऊन सांगतात.

निंबोणी

गोकर्ण, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे हातमोजे होते, पण डोळ्यांचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आजच आणते.

शेवंती

गोकर्ण, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. मागच्या वर्षी त्या माळ्यांना ती पाण्याचा तांब्या द्यायची, पण संडासाचं आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. वाचल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही.

वही केली. झाडागणिक लिहायला तीन संध्याकाळी लागल्या! हात लावायचा नाही अशी सात झाडं निघाली.

खतं-औषधांचं काय करायचं? माळ्याने आणलेलं वापरावं की आपण आणून ठेवावं?

मातीचे हात

आपण आणून ठेवा, आणि काय आहे ते तुम्हाला माहीत असू द्या. मी हे किंमत देऊन शिकलोय. एका माळ्याने स्वस्तात मिळालं म्हणून ओलं शेण टोपलीभर आणून गुलाबांच्या बुंध्याशी घातलं. कच्चं शेण कुजताना तापतं, मुळं भाजतात. त्यातून वाचलेल्या झाडांना हुमणी लागली, कारण अर्धवट कुजलेल्या शेणात तिची अंडी-अळ्या येतात. पांढरी, अर्धवट वळलेली अळी, मुळं खाते. गुलाब हलकासा ओढला आणि मुळाविना हातात आला. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतलं तर भुसभुशीत, गार आणि मातीच्या वासाचं. शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही.

युरियाचंही तसंच. त्यात ४६ टक्के नत्र असतं. शेतातला अंदाज दहा इंची कुंडीला लावला तर पानांच्या कडा जळतात. कुठलंही रासायनिक खत कोरड्या मातीत देऊ नये, आधी पाणी, मग खत, तेही चिमटीने. जास्त पडलंच तर वरचं काढून टाका आणि खालून धो धो वाहेपर्यंत दोन-तीनदा साधं पाणी सोडा.

कीड थोडी असेल तर औषधाची गरजच पडत नाही. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडतो. पिठ्या ढेकूण सुरुवातीला दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून निघतो. त्यापुढे निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, त्यात भांड्याच्या साबणाचे काही थेंब, नाहीतर तेल पाण्यात मिसळत नाही. फवारणी ऊन उतरल्यावर, आणि उमललेल्या फुलांवर नको, मधमाश्या येतात.

एका गोष्टीवर अजिबात तडजोड करू नका. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून आणलेलं, चिठ्ठी नसलेलं औषध घरात घेऊ नका. कोण चुकून तोंडाला लावेल सांगता येत नाही. मूळ बाटली, मूळ लेबल, आणि लेबलवरचंच प्रमाण.

रानवारा

यात थोडी भर. कात्री तुमचीच वापरायला द्या आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटने पुसायला सांगा. माळी दिवसात पाच बागा करतो, त्याच्या कात्रीबरोबर रोगही फिरतो. चांगले माळी याचा राग मानत नाहीत.

आणि नव्या रोपांना नावाच्या पट्ट्या लावा. माझ्याकडे झेंडूची बोटभर रोपं तण समजून उपटली गेली. बिचाऱ्या माणसाला कसं कळणार! चूक माझीच होती, पट्टी लावायला दहा मिनिटंही लागली नसती.

गुलाबाला जोडाच्या खालून फुटवा आला तर तो मुळापासून काढायचा असतो, कारण तो कलमाचा नसून खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचा. हा एक प्रश्न बोलता बोलता माळ्याला विचारून बघा. उत्तर देताना तो जोड शोधायला खाली वाकला तर माणूस जाणता आहे.

अबोली

कुंड्यांखालच्या ताटल्या कोण रिकाम्या करणार, तेही ठरवा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा ताटली कोरडी झालीच पाहिजे. आमच्याकडे हे "कुणीतरी करत असेल" यातच राहिलं आणि घरात दोघांना डेंग्यू झाला. ताटल्यांचंच कारण होतं हे सिद्ध नाही करता येणार, पण त्यानंतर मी एकही ताटली ठेवलेली नाही.

शेवंती

दीड महिन्याने येते आहे. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

एक माळीकाका मिळाले. ज्यांच्याकडून मिळाले त्यांच्या घरी ते चार वर्षं जातात, बाग बघून आले. पहिल्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि आईला बागेत खुर्ची दिली. काकांनी दोन तासांत कात्री पिशवीतून काढलीच नाही. प्रत्येक झाडापाशी थांबले, वही वाचून दाखवायला लावली. जास्वंदीपाशी म्हणाले, "मुंग्या चढतायत, वर काहीतरी आहे." पानं उलटली तर देठांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, कापसाच्या बोळ्यांसारखा. मी रोज तिथे पाणी घालते आणि मुंग्या रोज बघत होते! तो ढेकूण गोड चिकट रस सोडतो, मुंग्या त्या रसासाठी येतात आणि त्याला राखतात, हे त्यांनी आईला समजावलं. तिला माहीत होतं, तरी तिने ऐकून घेतलं.

मग मोगरा. आईने सरळ विचारलं, "हा कधी छाटाल?" ते म्हणाले, "तुम्ही सांगाल तेव्हा." आई म्हणाली, "असं नको. तुम्हाला काय वाटतं ते सांगा." त्यावर ते बसले, दोन-तीन फांद्या बोटांत फिरवून बघितल्या आणि म्हणाले, "थंडी सरत आली की. त्याआधी पंधरा दिवस पाणी कमी करायचं. आणि एका पातळीत नाही कापायचा, जून फांद्या आतून काढायच्या." आईने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. माणूस ठरला तो तिथे.

सगळं पटतंच असं नाही. एक गुलाब काढून टाकावा असं त्यांचं म्हणणं होतं, आईने ठाम नाही म्हटलं, गुलाब आहे तिथेच आहे. मधुमालती त्यांनी तारेने बांधली होती. तार सालीत रुतते म्हणून आईने जुन्या सुती साडीच्या पट्ट्या काढून दिल्या. पुढच्या खेपेला तारा सोडून त्यांनी सगळीकडे पट्ट्या बांधल्या होत्या, सैल, आठच्या आकड्यात.

पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला, आम्ही गावाला गेलो तरी. फवारणीचं सामान मागच्या दाराच्या खुंटीला टांगलेलं असतं. गोकर्ण, हे तुमच्यामुळे.

आणि जे मी मागितलंही नव्हतं ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या खेपेला काका म्हणाले, "आईंना खाली बसवत नाही, तर कुंड्या वर घेऊ." विटा रचून त्यावर जाड फळ्या टाकल्या आणि १२ कुंड्या वर चढवल्या. आई आता खुर्चीत बसून खुरप्याने माती सैल करते, वाळकी पानं काढते. परवा मी कामावरून आले तर तिच्या नखांत माती होती. कितीतरी महिन्यांनी.

गोकर्ण

बाबांना वाचून दाखवलं. ते विचारतायत की फळी भिजून वाकेल, तिला खालून मधोमध टेकू दिलाय का?

निंबोणी

मलाही सासूबाईंसाठी हे करायचंय. उंची किती ठेवलीत?

शेवंती

गोकर्ण, मधला टेकू नव्हता, बाबांनी सांगितलं ते बरं झालं. या रविवारी दोन विटा मधोमध लावून घेते.

निंबोणी, आईला खुर्चीत बसवून कोपरापासून जमिनीपर्यंत दोरीने मोजलं. कुंडीची वरची कड कोपराच्या किंचित खाली यायला हवी. आमच्याकडे फळी सव्वा फुटावर आहे आणि त्यावर दहा इंच उंचीच्या कुंड्या. फळीखाली पावलं आत जातील एवढी जागा मोकळी सोडा. पहिल्या वेळी आम्ही पुढूनही विटा लावल्या होत्या, आईला वाकून पुढे झुकावं लागायचं. काकांनी सगळं उतरवून पुन्हा रचलं.